मिताक्षरेच्या गावातलं म्हातारपण

आमच्या बसवकल्याणात पन्नाशीच्या माणसाला म्हातारपणाची काय सोय केली म्हणून विचारलं, तर तो सांगतो, ‘पोरं हाईत, रान हाय.’ या उत्तरामागचं धर्मशास्त्र याच गावात लिहिलं गेलं. सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) कल्याणहून, म्हणजे आजच्या बसवकल्याणातून, राज्य करत होता, तेव्हा त्याच्या दरबारातल्या विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो, हे तिचं गाजलेलं सूत्र. बंगाल-आसाम सोडले तर देशातली बहुतेक हिंदू घरं शतकानुशतकं त्यावर चालली. २००५च्या दुरुस्तीनं मुलींनाही तोच हक्क मिळाला. पण या हक्काला जोडून थकलेल्या आईबापांना सांभाळण्याचं कर्तव्यही होतं, आणि घराघरांत ते गृहीत होतं.

आज ते गृहीत धरता येत नाही. त्यासाठी पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. वाटण्या होत होत तूर-सोयाबीनचं रान दोन-अडीच एकरांवर आलंय. पुण्याला किंवा हैदराबादला गेलेला मुलगा खोलीचं भाडं आणि शाळेची फी भरून गावाकडं काय पाठवणार? त्याची नियत चांगली असली तरी त्याचा हात रिकामा आहे.

तरीही मुलाच्या लग्नानंतर किंवा आजारपणात घाबरून लोक जमीन त्याच्या नावावर करून टाकतात. पहाणीवरून, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावरून, आपलं नाव निघालं की बँकेत पत जाते आणि घरातला शब्दही जातो. माझं मत स्पष्ट आहे. हयातीत मिळकत नावावर करू नये, मृत्युपत्र करावं. बक्षीसपत्र करणं भागच असेल, तर ‘आम्हाला सांभाळेल’ ही अट त्यात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याचं कलम २३ अशा अटीच्या आधारावर व्यवहार रद्द करू देतं. अट तोंडी राहिली, की न्यायाधिकरणापुढं ती सिद्ध करता करता म्हातारा माणूस टेकीला येतो.

दुसरी गोष्ट कामधंद्याची. मुंबई-हैदराबाद महामार्ग या तालुक्यातून जातो आणि इथली कितीतरी घरं ट्रकवर जगतात. पोरगा क्लीनर म्हणून चढतो, दोन-चार वर्षांत स्टिअरिंग हाती येतं. कमाईची वर्षं पंचविशी ते पंचेचाळिशी. त्यानंतर कंबर धरते, रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागतात आणि मालक लांबची ट्रिप देईनासा होतो. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडं पीएफ नसतो, कारण तो कायदा साधारणपणे वीस कामगारांपासून पुढं लागतो. म्हणजे या माणसाचं निवृत्तीचं वय साठाच्या खूप आधी येतं आणि निवृत्तिवेतन येतच नाही.

पुण्यात कंत्राटी कामावर गेलेल्यांना पीएफ मिळतो, तर ते नोकरी सुटली की सगळा काढून घेतात. त्यातल्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. खातं नव्या नोकरीत वर्ग केलं तर वर्षं जुळत जातात, रक्कम काढली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही साधी माहिती पोरांना कामावर घेताना कुणी देत नाही, याचा मला संताप येतो.

अटल पेन्शन योजनेत विसाव्या वर्षी शिरलं तर साठीनंतरच्या दरमहा ५,००० रुपयांसाठी महिना २४८ रुपये पडतात. चाळिसाव्या वर्षी त्याच पेन्शनला १,४५४. माणूस गेला तरी बायकोला तेवढीच पेन्शन मिळत राहते, आणि ज्या घरात तिच्या नावावर काहीच नसतं तिथं हे फार मोलाचं आहे. पण महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर चाळीस वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांत आजच्या जेमतेम ५०० रुपयांइतकाच बाजार येईल. म्हणून नुसत्या अटल पेन्शनवर विसंबून चालणार नाही. कमाई वाढेल तशी पोस्टात किंवा पीपीएफमध्ये वेगळी भर हवी.

इथं शरण संतांची आठवण काढून कुणी म्हणेल, कायक म्हणजे कष्टाचं काम करणाऱ्यानं साठवू नये. मारय्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ वेचून आणला, तेव्हा त्याच्या बायकोनं, आयदक्की लक्कम्मानं, तो परत टाकायला लावला, ही कथा बसवकल्याणात सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा मला मनापासून आदर आहे. मात्र लक्कम्मा उद्याची चिंता सोडू शकली, कारण तिच्या भोवती दासोह, म्हणजे सगळ्यांना जेवू घालणारी पंगत, होता. हात थकले तरी पंगतीत पान मांडलं जाईल, हा भरवसा समाजानं दिला होता. तो भरवसा काढून घ्यायचा आणि गरिबाला अपरिग्रह शिकवायचा, हे शरणांच्या विचाराशी बेइमानी करणं आहे.

आजचा दासोह सरकारनं चालवायचा. कर्नाटकात संध्या सुरक्षा योजनेतून पासष्टीनंतर महिना १,२०० रुपये मिळतात. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ऐंशीपर्यंत २०० आणि पुढं ५०० रुपये, आणि २०११ पासून तो एका रुपयानंही वाढलेला नाही. खुरपणीच्या रोजावर हयात काढलेल्या बाईला महिना २४८ रुपयेही बाजूला टाकता आले नसतील. तिच्यासाठी सरकारी पेन्शनचा आकडा दरवर्षी महागाईच्या मापानं वाढला पाहिजे, सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वाढतो तसाच, आणि ही मागणी निवडणुकीत मतं मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाकडं आपण केली पाहिजे.