तीन महिने उभी गाडी

कान्हा व्याघ्र प्रकल्पाचं मुक्की गेट बालाघाट जिल्ह्यात, बैहर तहसिलीत येतं. 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत ते बंद असतं. या तीन महिन्यांत तिथल्या माणसांना वाघ विसरता येतो, गाड्या मात्र विसरता येत नाहीत. जिप्सींचे पाटे उतरतात, ब्रेकचे ड्रम उघडतात, खालचा पत्रा खरवडून गंज काढला जातो. मारुतीने सामान्य ग्राहकांना जिप्सी विकणं 2019 मध्ये थांबवलं. त्यामुळे आहे ती गाडी जपण्यावाचून सफारीवाल्याला गत्यंतर नाही, आणि पावसाळा त्याच्या सुट्टीचा नसून खऱ्या कामाचा असतो.

मुक्कीच्या अलीकडे एका मराठी घराचं छोटंसं रिसॉर्ट होतं. माणसं मूळची लांजीकडची. थोरला मुलगा नागपूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून परत आलेला. सगळे त्याला दादा म्हणत. घरच्या दोन जिप्सी होत्याच, त्यात दादाने एक एटीव्ही आणली. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, एक सिलिंडर, कार्बोरेटर, मागे चेन. कान्हात अशा गाडीला प्रवेश नाही, आणि आरटीओची नोंदणी नसल्याने डांबरी रस्त्यावरही ती काढता येत नाही. रिसॉर्टमागच्या मुरमाड पडीत जमिनीत ती पाहुण्यांच्या पोरांना फिरवायची. खेळणंच म्हणा, पण महागडं.

गाड्या धुवायला गावातला एक पोरगा होता. एकोणीस-वीस वर्षांचा, कमी बोलणारा. एटीव्हीची देखभाल खरं तर त्याच्याच हातात होती, कुणी तशी सोपवली नसली तरी. तिच्या हवेच्या फिल्टरला कागद नसतो, फोम असतो. तो साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं, पूर्ण वाळला की तेल चोळून बसवायचा, हे तो दादाचं एकदा पाहून शिकला होता. टायरमध्ये हवा चार-पाच पौंडच ठेवतात हेही त्याला ठाऊक होतं. एकदा पंक्चरवाल्याने कारसारखी तीस पौंड भरून दिली, तेव्हा गाडी प्रत्येक दगडावर उडत होती. ती हवा यानेच सोडली.

त्या पावसाळ्यात दोन्ही जिप्सींचं काम साग्रसंगीत झालं. एटीव्हीवर ताडपत्री टाकली, एवढंच.

ऑक्टोबर उजाडला. बॅटरी उतरली होती, ती चार्ज केली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. इथपर्यंत दादाचं एकही पाऊल चुकलं नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. तीन महिने उभ्या गाडीत हे काम करायलाच हवं. गाडी सुरू झाली, मागच्या रानात एक फेरी मारून आली आणि दहाव्या मिनिटाला बंद पडली. सेल्फ मारून मारून दादा थकला. पंधरा मिनिटांनी, काहीही न करता, ती पहिल्या सेल्फला सुरू झाली. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा बंद.

आता ज्याने थोडंफार इंजिन शिकलंय त्याला असं लक्षण दिसलं की एकच शब्द सुचतो: कॉइल. इग्निशन कॉइलच्या आतली तार कुठे कमजोर झाली असेल, तर थंड असताना ती काम करते, गरम झाली की ठिणगी जाते, निवली की परत येते. दादाने नागपूरहून कॉइल मागवली. बसवली. गाडी वीस मिनिटं चालली! दादाने घरात जाऊन आईला सांगितलं की निघालं दुखणं. संध्याकाळी पाहुणे यायचे म्हणून टाकी गच्च भरून ठेवली. पाहुण्यांचा मुलगा बसला, आणि गाडी पाच मिनिटांत गप्प.

मग ठिणगीची वेळ सांभाळणारं सीडीआय युनिट आलं. मग नवा प्लग. मग सबंध कार्बोरेटरच. गंमत अशी की प्रत्येक नवा पार्ट बसवला की गाडी आधीपेक्षा जास्त चालायची, आणि दोन दिवसांनी जैसे थे. दादाला वाटायचं, आपण दुखण्याच्या जवळ पोचतोय, आता एकच पार्ट उरला. अकरा हजारांचं सामान आलं होतं तोवर.

पोरगा हे सगळं पाहत होता. एकदा पाना पुसता पुसता तो म्हणाला, "दादा, टाकी भरली की लवकर मरते ती."

दादा हसला. "टाकी भरली म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोल जास्त झालं म्हणून कुठली गाडी बंद पडते का रे?"

बाजूला बसलेले दोघे ड्रायव्हरही हसले. प्रश्न बिनतोड होता, त्यामुळे पोरगा पुढे काही बोलला नाही.

शेवटी दिवाळीच्या तोंडावर दादाने छोटा हत्ती ठरवला, एटीव्ही त्यात चढवली आणि बैहरला एका जुन्या मिस्तरींकडे नेली. गाडी धरायला मागे पोरगा बसला. मिस्तरींची उमर मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत, ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. डंपर, कॉम्प्रेसर, जनरेटर, असली जड यंत्रं हाताळलेला माणूस. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. असली चार चाकांची बाईक त्यांनी जन्मात उघडली नव्हती, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

दादाने सगळा इतिहास सांगितला. कोणता पार्ट कधी बदलला, किती रुपयांचा होता, सगळं तारीखवार. काकाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कोण धुतो?"

दादाला प्रश्न कळला नाही. त्याने पोराकडे बोट केलं.

"ये इकडं. बंद पडते तवा कशी पडते गा? खटकन, का हळूहळू?"

"हळूहळू जी. आधी दम लागल्यावाणी करते, मंग जाते."

"ठिणगी गेली असती तं खटकन गेली असती," काकाजी दादाला म्हणाले, आणि परत पोराकडे वळले. "परत चालू कवा होते?"

"चहा होते तोवर. पण टाकीचं टोपण खोललं तं लगेच होते जी. पेट्रोल पाह्यले म्या खोललं, का फुस्स आवाज येते. मंग पयल्या सेल्फले चालू."

"आन हे तू कोनाले सांगितलं नाही?"

पोरगा खाली बघू लागला. दादाच म्हणाला, "सांगत होता काकाजी. टाकी भरली की लवकर मरते म्हणाला होता. मीच हसलो."

इथे एखादा मिस्तरी टोपणाकडे धावला असता. काकाजी धावले नाहीत. पोराचं म्हणणंही त्यांच्या लेखी तपासायचीच गोष्ट होती. त्यांनी टाकी काठोकाठ भरायला लावली, टोपण घट्ट बसवलं आणि गाडी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत फिरवायला सांगितली. पाच मिनिटांत ती धापा टाकून थांबली. तेव्हा त्यांनी आधी प्लग काढून हेडला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. निळी, जाडजूड ठिणगी. प्लग परत बसवला. मग कार्बोरेटरच्या पेल्याखालचा स्क्रू सैल केला आणि खाली वाटी धरली. पेट्रोलची बारीक धार आली, थेंब थेंब झाली, थांबली. वर काठोकाठ टाकी, खाली कोरडा पेला. (क्रम हाच ठेवायचा: ठिणगी आधी, पेट्रोल नंतर. उलट केलं की गॅरेज पेटतं.)

"आता टोपण खोल," काकाजी म्हणाले.

पोराने टोपण फिरवलं. फुस्स झालं. वाटीत धार लागली ती लागलीच.

दादाला आता कुणी समजावण्याची गरज नव्हती, तरी काकाजींनी पोरासाठी म्हणून सांगितलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत थांबतं, म्हणून बाई दुसरं भोक पाडते. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत यायला हवी. ती यायची वाट या गाडीत टोपणाच्या मधोमध असते; तिथून एक रबरी नळी निघून हँडलच्या दांड्यातल्या भोकात खोचलेली असते. वाट बंद असली की टाकीत ओढ तयार होते आणि ती पेट्रोलला खाली सोडत नाही. गाडी उभी राहिली की कुठल्या तरी फटीतून हवा हळूहळू शिरते, म्हणून चहाच्या वेळेत ती बरी होते. अर्ध्या टाकीत वर हवा भरपूर असते, ती विरळ व्हायला वेळ लागतो. भरल्या टाकीत हवा चिमूटभर, त्यामुळे ओढ लगेच बसते. नव्या पार्टांनी गाडी सुधारल्यासारखी का वाटत होती तेही यात आलं: ज्या दिवशी पार्ट बसायचा त्या दिवशी टाकी निम्मी असायची.

नळी उपसली, तार घातली. टोकातून लाल मातीचा बुच निघाला, बोटाच्या पेराएवढा. फोडला तर आत वाळलेले बारके कोळी.

"कुंभारीन," पोरगा म्हणाला. "आगस्टात ताडपत्रीखाली येजा करे. दोनदा हाकललं म्या."

कुंभारीण माशी असंच करते. चिखलाचं घर बांधायचं किंवा आयतं भोक शोधायचं, आत कोळी कोंबायचे, अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. तीन महिने न हललेल्या यंत्रातली नळी तिला आयतीच मिळते. यावर हसू नये. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून उडालेलं बोइंग 757 समुद्रात कोसळलं आणि 189 माणसं गेली. वेग मोजणारी नळी बंद झाली होती, आणि बरेच दिवस उभ्या असलेल्या विमानाच्या नळ्या झाकलेल्या नसल्याने संशय अशाच माशीच्या घरट्यावर गेला. 2011 मध्ये माझ्दा कंपनीने उत्तर अमेरिकेत सुमारे 65 हजार मोटारी परत बोलावल्या, कारण टाकीच्या हवेच्या नळीत कोळी जाळं विणत होते. त्या कोळ्याला पेट्रोलचा वास आवडतो म्हणे. त्या मोटारींतही टाकीत हीच ओढ तयार व्हायची आणि टाकीला तडा जाण्याची भीती होती. मोठमोठे अभियंते जिथे अडकले तिथे आमचा दादा अडकला, यात नवल नाही. त्याचा कॉइलचा तर्क चुकीचा नव्हता. गाडी बंद पडल्या क्षणी प्लग काढून ठिणगी पाहिली असती, तर कॉइल मागवायच्या आधीच तो निकालात निघाला असता. आणि पोराला एक प्रश्न जास्त विचारला असता, तर प्लगही काढावा लागला नसता.

जुनी कॉइल आणि जुना सीडीआय दादाने काकाजींना दाखवले. दोन्ही चांगले निघाले. इलेक्ट्रिकचं सामान दुकानदार परत घेत नाहीत, त्यामुळे ते कपाटात गेलं.

पुढच्या जूनमध्ये गाड्या उभ्या करायच्या आदल्या दिवशी दादा कागद-पेन घेऊन शेडमध्ये आला आणि पोरासमोर बसला. "एकेक गाडी सांग. या मोसमात काय काय केलं तिनं?" पोरगा आधी लाजला. मग सुटला. या जिप्सीचा ब्रेक सकाळी खोल जातो, दुपारी नाही. त्या जिप्सीचं पुढचं उजवं चाक दर चौथ्या दिवशी बसतं. एटीव्हीची चेन वळणावर उडी मारते. सेल्फच्या वेळी खालून कसला तरी करकर आवाज येतो. दादाने प्रत्येक गोष्ट लिहून घेतली आणि प्रत्येक गोष्ट तपासली. तीन खऱ्या निघाल्या. करकर सेल्फची नव्हती, मडगार्डचा बोल्ट सैल होता. तेही लिहून ठेवलं. एटीव्हीच्या नळीच्या टोकावर पोराने मच्छरदाणीचा तुकडा दुमडून दोऱ्याने बांधला: हवा जाईल, माशी जाणार नाही.

तुमच्याकडे कार्बोरेटरची एखादी गाडी, पाण्याचा पंप किंवा फवारणीचं यंत्र पावसाळाभर उभं राहणार असेल, तर टाकीच्या हवेच्या वाटेवर जाळीचा तुकडा आजच बांधा. इंजेक्शनच्या नव्या कारमध्ये टोपण उघडताना थोडा फुस्स आवाज नेहमीचाच असतो, त्याला घाबरू नका. साध्या टाकीत मात्र तो आला, तर पार्टाची ऑर्डर देण्याआधी ती नळी काढून फुंकून बघा.