त्याग कोणाचा?

‘ययाति’ वाचून मिटली की मनात दोन स्त्रिया उरतात. देवयानी मानी, म्हणून अप्रिय. शर्मिष्ठा देणारी, म्हणून पूज्य. हा निवाडा आपण किती सहज देतो! वि. स. खांडेकरांनी १९५९च्या या कादंबरीत दोघींनाही स्वतःच्या तोंडून बोलू दिले, हे त्यांचे मोठेपण. पण बोलायला मिळाले म्हणून मापही आपले झाले, असे नाही. दोघींचे मोल आपण ठरवतो ते ययातीला त्यांच्याकडून काय मिळाले, यावरून.

शर्मिष्ठा दासी होते ती कुळासाठी. नकार दिला तर बापाचे राज्य संकटात. अशा देण्याला त्याग म्हणावे काय? अलका दासीला तर निवेदनही नाही. राजपुत्राच्या प्रेमापायी तिच्या वाट्याला येते ते विष.

ययाति पुत्राकडे तारुण्य मागतो, तेव्हा आपण दचकतो. स्त्रीचे तारुण्य मात्र न मागताच घेतले जाते, आणि ते केवळ पुराणात नव्हे. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्यात शिक्षक होते. त्या किनाऱ्यावरचे पुरुष चाकरीसाठी मुंबई गाठीत. मागे बायका भात लावीत, म्हाताऱ्यांची उस्तवार करीत, मनिऑर्डरीची वाट पाहत. सोशीक म्हणून त्यांना गौरविले गेले. विचारले कोणी नाही.

त्याग थोरच. पण ‘नाही’ म्हणण्याची मुभा असेल तरच तो देणाऱ्याचा. एरवी ती घेणाऱ्याची सोय.