काट्यावरचा कारकून

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एक कारकून होता. ख्रिस्ती घरातला. त्या जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ. अमेरिकन मिशनऱ्यांनी 1831 मध्ये नगरला ठाणे मांडले, आणि पुढे नारायण वामन टिळकांनी लिहिलेली भजने तिथल्या मंडळ्यांत आजही टाळ-तबल्यावर म्हटली जातात. हा कारकून रविवारच्या उपासनेत पेटी वाजवायचा. पगार झाला की आधी दशांश वेगळा काढायचा, मग घरखर्च. तोंडात शिवी नाही, तंबाखू नाही. गाडीवाल्यांनी चहा पुढे केला तरी नको म्हणायचा. काट्याच्या केबिनमध्ये संगणकाच्या वर त्याने क्रूसाचे चित्र लावले होते. पाळीवर आला की चपला बाहेर काढून, डोळे मिटून तो दोन मिनिटे प्रार्थना करी आणि मगच पहिल्या गाडीला हात करी. कारखान्यात त्याला सगळे ‘भक्त’ म्हणत. त्यात चेष्टा नव्हती. माणूस चांगलाच होता.

काट्यावरचे काम तसे सोपे. उसाची गाडी काट्यावर चढते, भरलेले वजन घेतले जाते. ऊस गव्हाणीत रिकामा झाला की परत येते, रिकामे वजन घेतले जाते. दोहोंतली वजाबाकी म्हणजे ऊस. तो आकडा पावतीवर छापला जातो, आणि त्या एका आकड्यावर तीन घरांचे पोट चालते: ऊस पिकवणाऱ्याचे, तोडणाऱ्याचे आणि वाहून आणणाऱ्याचे. तिघांनाही पैसे टनावर मिळतात. तोडणाऱ्याचे तर हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाकडून उचल घेऊन झालेले असते. बीड, पाथर्डीकडून आलेली नवरा-बायकोची जोडी कोपी बांधून राहते ती ही उचल फेडण्यासाठी. जितके टन पावतीवर, तितकी उचल फिटते.

एका हंगामात दिवाळी झाली, गाळप सुरू झाले आणि पंधरा दिवसांनी शहरातून एक माणूस रात्रीच्या वेळी काट्यावर आला. त्याने संगणकात काहीतरी केले आणि गेला. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी कारकुनाला बोलावून सांगितले, “काट्यात थोडी दुरुस्ती केली आहे. तू काही करायचं नाहीस. नेहमीसारखं बटण दाबायचं, पावती द्यायची.”

कारकून समजायचे ते समजला. खेड्यापाड्यांत ज्याला काटामारी म्हणतात तीच ही. पण त्याच्या हाताने काही झाले नव्हते. प्रोग्राम त्याने बदलला नव्हता, वरचा पैसा त्याच्या खिशात येणार नव्हता. “आपण लबाडी केलेली नाही, आपण फक्त बटण दाबतो,” असे त्याने मनाला सांगितले. त्या महिन्यापासून तो दशांशाच्या पाकिटात शंभराच्या दोन नोटा जास्त घालू लागला. प्रार्थनाही दोन मिनिटांची पाच मिनिटांवर गेली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ हाच होता, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्याची भक्ती वाढलेली दिसत होती.

मग एका दुपारी एक ऊसतोडणी बाई पावती हातात घेऊन खिडकीशी आली. साठीच्या आतबाहेरची, डोक्यावर चुंबळ तशीच. पाचटाने कापलेल्या बोटांवर चिंधी गुंडाळलेली.

“भाऊ, ह्या पावतीत काहीतरी चुकलंय.”

“संगणकाचं वजन आहे मावशी. चुकत नाही.”

“मला वाचता येत न्हाई. पण मोळ्या म्या मोजल्यात. फड तोच, ऊस तोच, मागल्या आठवड्यातल्या गाडीइतक्याच मोळ्या. त्या समद्या ह्या डोक्यावरनं फळीवर चढून म्या गाडीत टाकल्यात.” तिने मानेवर हात ठेवला. “मान खोटं सांगत न्हाई भाऊ. पोराकडनं पावती वाचून घेतली, तर वजन कमी.”

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. बाई बाजूला झाली. जाताना तिने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले, हात जोडले आणि निघून गेली.

त्या रात्री कारकुनाने कागदावर हिशेब मांडला. शंभरामागे दोन कापले जात असावेत असा त्याचा अंदाज होता. हंगाम धरला 150 दिवसांचा, तर शंभरामागे दोन म्हणजे तीन दिवस. त्या बाईने तीन दिवस पहाटे चारला उठून, थंडीत, ओल्या पाल्यात कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या, आणि त्या तीन दिवसांची मजुरी कुठेही लिहिली जायची नाही. अशा शेकडो जोड्या. आणि ते न लिहिण्याचे काम त्याच्या खिडकीतून व्हायचे.

दुसऱ्या दिवशी तो पाळकसाहेबांच्या घरी गेला. सगळे सांगून झाल्यावर म्हणाला, “साहेब, मी नोकरी सोडतो. सुवार्तिक होतो. देवाचंच काम करतो, म्हणजे या घाणीत हात नको.”

पाळकसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी लूककृत शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढला. यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले. शिपाई आले, त्यांनीही तेच विचारले. जकातदारांचा धंदा त्या काळी बदनाम, आणि शिपाई लोकांना धाकदपटशा दाखवण्याबद्दल कुप्रसिद्ध. “योहानानं त्यांना नाका सोडून रानात माझ्याबरोबर राहायला या असं सांगितलं का?” पाळकसाहेबांनी विचारले. “नाही. जकातदारांना सांगितलं, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितलं, कुणाला लुबाडू नका, आपल्या पगारात समाधान माना. त्यांचा पश्चात्ताप त्यांच्या नाक्यावरच व्हायचा होता. तू नोकरी सोडलीस तर तुझे हात स्वच्छ होतील, पण काटा तसाच राहील. त्या मावशीला तुझ्या स्वच्छ हातांचा काय उपयोग?”

“मी नाही केलं तर दुसरा कुणीतरी करेलच ना?”

“करेल. त्याचा जाब त्याला द्यावा लागेल. तुला तुझा.”

पाळकसाहेबांच्या पत्नी आतून पाणी घेऊन आल्या. वॉनलेस डॉक्टरांनी 1894 मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात त्यांची सगळी नोकरी झालेली. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, “आम्ही पाळी सुरू होण्याआधी रोज प्रार्थना करायचो. पण प्रार्थना झाली म्हणून औषधाची मात्रा मोजायची कुणी सोडली नाही. उलट प्रार्थना केली होती म्हणूनच दोनदा मोजायचो. भाऊ, तुम्ही देवाचं काम म्हणजे पेटी समजता. तुमचं देवाचं काम ते वजन आहे.”

या गोष्टीत सांगण्यासारखे जे आहे ते या बाईंनी सांगून टाकले. आपल्याकडे, आणि हे मी ख्रिस्ती मंडळ्यांबद्दल आधी म्हणतो, श्रद्धेची एक जागा ठरून गेली आहे: रविवार, उपासना, उपवासाचे चाळीस दिवस, दानाचे पाकीट. सोमवारी सकाळी कामावर गेलेला माणूस त्या जागेबाहेर उभा असतो, आणि फार तर सहकाऱ्यांशी गोड बोलण्यापुरती त्याची श्रद्धा उरते. पण पवित्र शास्त्रात देव वजनमापांबद्दल किती वेळा बोलतो ते पाहावे. पिशवीत एक जड आणि एक हलके अशी दोन वजने ठेवू नयेत हे ‘अनुवाद’ या पुस्तकात सांगितले आहे. खोट्या तराजूचा धिक्कार नीतिसूत्रांत आहे. तकोवाचा आमोस संदेष्टा स्वतः मेंढपाळ. त्याने ज्या व्यापाऱ्यांवर आसूड ओढला ते सण पाळत होते, शब्बाथ पाळत होते. तो संपला की कधी एकदा धान्य विकू आणि मापात मारू एवढीच त्यांची घाई होती. आणि येशू स्वतः नासरेथात सुताराचे काम करत होता. त्याने कापलेली फळी आखूड निघाली असेल, अशी कल्पना तरी आपल्याला करवते का?

कारकून घरी आला. सकाळी तो एकटाच साहेबांकडे गेला. चारचौघांत बोभाटा करायचा नाही, आधी एकान्तात बोलायचे, हेही त्याला त्याच पुस्तकाने शिकवले होते. “साहेब, काटा पूर्ववत करा. मी या वजनाची पावती देणार नाही. दोन दिवस रजेवर जातो. परत आलो की काटा तपासून मगच बसेन.” साहेब हसले. “अरे भक्ता, सगळीकडे चालतं. तुझ्या लेकीचं कॉलेज चालू आहे ना?” ही धमकी होती, आणि दोघांनाही ते कळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो काट्यावर आला. काटा तपासायला एक टन प्रमाणित वजने जवळ ठेवावी लागतात. वीस-वीस किलोची पन्नास, लोखंडी, वरून धरायला मूठ, खाली शिसे भरून त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का. ती शेडच्या कोपऱ्यात गंजत पडली होती. त्याने रांगेतल्या गाडीवाल्यांना आणि शेतकऱ्यांना हाक मारली. आधी रिकाम्या काट्यावर पन्नास वजने ठेवली. आकडा आला 1000. बरोबर. शेतकरी एकमेकांकडे पाहू लागले. मग त्याने वजने उतरवून भरलेला ट्रॅक्टर काट्यावर घेतला, आकडा पाटीवर खडूने लिहिला आणि म्हणाला, “आता ती सगळी वजनं चाकांच्या बाजूला ठेवा.”

माणसांनी दोन-दोन वजने दोन हातांत धरून आणायला सुरुवात केली. पन्नासावे ठेवले. हजाराने वाढायला हवा होता तो आकडा 980 ने वाढला. हलक्या वजनाला काटा खरे बोलत होता. गाडी चढली की शंभरामागे दोन गिळत होता. तपासणीत सापडू नये म्हणूनच तशी सोय केलेली. वीस टनांच्या खेपेला चारशे किलो.

कुणी आरडाओरडा केला नाही. एक म्हातारा शेतकरी पाटीपुढे उभा राहून तो हिशेब बोटांवर पुन्हा पुन्हा करत राहिला. मग गाड्या थांबल्या, तहसील कचेरीत फोन गेले, भरारी पथक आले, पंचनामा झाला. संध्याकाळपर्यंत प्रोग्राम काढला गेला.

आठवड्याभरात कारकुनाची बदली बारदान्याच्या गोदामात झाली. जादा पाळीचे पैसे बंद. लेकीच्या फीसाठी पतपेढीचे कर्ज काढावे लागले. मंडळीतल्या काहींनी पाठ थोपटली. काही जण बोलेनासे झाले, कारण त्यांची पोरे त्याच कारखान्यात होती आणि त्यांच्या नोकऱ्यांना धक्का लागेल अशी त्यांना भीती होती. त्या भीतीबद्दल मला त्यांना नावे ठेवता येत नाहीत. चुंबळवाली मावशी आभार मानायला आली नाही. तिची टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेली होती. तिची उचल अजून फिटायची होती. पण त्यानंतर तिने वाहिलेली प्रत्येक मोळी पावतीवर उतरली.

गोदामात कारकून पोती मोजू लागला. फाटकी वेगळी, धड वेगळी, रोजच्या रोज नोंद. तिथेही आल्यावर चपला बाहेर काढून तो दोन मिनिटे डोळे मिटून उभा राही. पाचाची पुन्हा दोन मिनिटे झाली होती.

काट्यावर आता नवा पोरगा बसला होता, वारकऱ्याच्या घरातला, गळ्यात माळ. शेतकरी रोज सकाळी येऊन वजने लावून दाखव म्हणून त्याच्यापुढे उभे राहत. एके दिवशी तो गोदामात आला.

“काका, हे रोज करायचं का? बाहेर चाळीस गाड्या नंबरला असतात. लोक खोळंबतात.”

“रोज. पहिली गाडी भरलेलीच घे, रिकाम्या काट्यावर काही कळत नाही. आणि पहाटे मुठी दवानं निसटतात, हाताला फडकं गुंडाळत जा. पन्नासही वजनं ठेवून होईतो आकडा वाचायचा नाही.”