पुस्तकातील शंभर आणि भांड्यातील पंचाण्णव

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाडाबरोबर मुलांचे शिक्षणही हलवावे लागते. केंद्रीय विद्यालय जवळ असले आणि तेथे जागा मिळाली, म्हणजे प्रश्न सुटतो. जेथे तसे घडत नाही तेथे आमच्यांतील काही कुटुंबे मुलांना घरीच शिकवितात आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाच्या, आठवीशी समकक्ष असलेल्या, परीक्षेस बसवितात. भाषा, इतिहास, भूगोल हे विषय पुस्तकावर निभावून जातात. गाडे अडते ते विज्ञानाच्या प्रयोगांपाशी. पगाराची वाटणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच होऊन गेलेली असते. मग प्रयोगशाळा कोठून बसवावी, ही पालकांची विवंचना. ही विवंचना खरी आहे. परंतु तिच्या आडून एक दुसराच, अधिक अवघड प्रश्न घरात शिरतो, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

प्रथम पैशाचा प्रश्न पाहू. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेला टीपकागद साबणाच्या पाण्याने लाल होतो आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा होतो. हळदीवर क्षाराचा संस्कार करून कुंकू करण्याची आपली जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात लालसर आणि क्षारात हिरवट दिसतो. मीटरभर दोरीला टांगलेला लहानसा दगड एकदा जाऊन परत येण्यास दोन सेकंद घेतो. तो मोजण्यास घरातले घड्याळ पुरते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा उपक्रम २००२ पर्यंत चालला. तेथे सहावी ते आठवीची मुले गटागटाने, साध्या व स्वस्त साहित्यावर, स्वतः प्रयोग करीत असत, आणि परीक्षेतही पुस्तक जवळ बाळगण्याची त्यांना मोकळीक असे. तेव्हा पैशावाचून सर्वच अडते असे नाही. काटकसर एकाच ठिकाणी करू नये, ती म्हणजे मुलांच्या डोळ्यांच्या आणि हातांच्या सुरक्षिततेत. तीव्र आम्ले घरात आणू नयेत आणि विस्तवापाशी मोठे माणूस असावे.

आता तो दुसरा प्रश्न. समजा, शिलाँगमधील एका बिऱ्हाडात बारा वर्षांची मुलगी पाण्याचा उत्कलनबिंदू पाहत आहे. ताप पाहण्याचा ज्वरमापक येथे उपयोगी नाही; तो ४२ अंशांपाशीच संपतो. म्हणून वडिलांनी प्रयोगशाळेतला साधा, स्वस्तातला तापमापक आणला आहे. पाणी खळखळू लागते, तापमापकातील रेघ चढते आणि ९५ अंशांच्या आसपास थांबते. कितीही जाळ केला तरी पुढे सरकत नाही. पुस्तकात १०० लिहिले आहे. मुलगी विचारते, "बाबा, वहीत किती लिहू?" वडील म्हणतात, "अगं, स्वस्तातली वस्तू ही! तू आपली १०० लिही. परीक्षेत तेच विचारतात."

यात वडिलांचा हेतू वाईट आहे असे कोण म्हणेल? मुलीचे गुण जाऊ नयेत एवढीच त्यांची इच्छा. तथापि त्या एका वाक्याने मुलीकडून बरेच हिरावून घेतले. शिलाँग समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी उष्णतामानावर उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजण्यास तेथे अधिक वेळ लागतो, याचे कारण हेच. मुलीच्या आईला रोज स्वयंपाकघरात जे जाणवत होते, त्याचा उलगडा त्या ९५ च्या आकड्यात दडलेला होता. तो खोडून १०० लिहिताच उलगड्याची वाट बंद झाली. शिवाय डोळ्यांना दिसलेले आणि कागदावर छापलेले यांत विरोध आला, तर डोळ्यांनी माघार घ्यावी, हा धडाही तिला मिळाला.

यावर कोणी म्हणेल, मग मुलाला जे दिसेल तेच सत्य मानावयाचे काय? उद्या खरोखरच सदोष तापमापक ९० दाखवील, तेही शिरोधार्य समजावयाचे? आक्षेप रास्त आहे. केवळ दिसले म्हणून ते सत्य ठरत नाही. परंतु साधनाला दोष देण्यापूर्वी ते तपासून पाहण्याचे कर्तव्य उरतेच, आणि त्यास खर्चही येत नाही. बर्फाचा चुरा पेल्यात घेऊन त्याच्या वितळत्या पाण्यात तापमापक धरावा. उंचीचा परिणाम बर्फाच्या वितळण्यावर जाणवण्याइतका होत नाही. म्हणून शिलाँग असो की मुंबई, तेथे शून्यच दिसले पाहिजे. ते दिसले, तर उकळत्या पाण्यातील ९५ चा दोष निव्वळ किमतीवर ढकलता येत नाही. महागड्या उपकरणाबरोबर विश्वासही विकत घेतल्यासारखे वाटते. स्वस्त उपकरणाचा विश्वास तपासून मिळवावा लागतो. गरिबीने लादलेले हे काम विज्ञानाचे अर्धे शिक्षण आहे असे आम्हांस वाटते.

आम्ही कारकून माणसे. या बाबतीत आमच्या टेबलावरचा नियम आम्हांला पुरेसा वाटतो. रोखवहीत खाडाखोड चालत नाही. नोंद चुकली तर ती वाचता येईल अशा रीतीने एका रेषेने छेदावी, योग्य नोंद वर लिहावी आणि सही करावी. रोखवही आणि बँकेचा हिशोब यांत फरक पडला, तर एकाचा आकडा दुसऱ्यात दडपून मेळ घालीत नाहीत. दोन्ही आकडे मांडून मधल्या फरकाचे विवरण करितात. मुलांच्या प्रयोगवहीला हीच शिस्त लावावी. एका रकान्यात पाहिलेला आकडा, दुसऱ्यात पुस्तकातील आकडा, तिसऱ्यात फरकाचे कारण. कारण न सापडल्यास ‘कारण सापडले नाही’ असे लिहावे. तीही प्रामाणिक नोंदच होय.

अशा फरकाचा मान राखल्याने काय घडते, याची साक्ष इतिहासात आहे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना १८९२ च्या सुमारास असे आढळले की, हवेतून मिळविलेला नायट्रोजन हा रासायनिक संयुगांतून मिळविलेल्या नायट्रोजनाहून जड भरतो. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. मोजमापातली चूक म्हणून तो सहज झटकता आला असता. रॅले यांनी तो झटकला नाही. उलट पुनःपुन्हा मोजून पक्का केला. १८९४ साली त्यांनी आणि विल्यम रॅम्से यांनी त्याचे कारण जाहीर केले: हवेत आर्गॉन नावाचा, तोवर कोणाला ठाऊक नसलेला वायू होता. हवेत त्याचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे.

घरातील मुलांकडून असे शोध लागावेत अशी कोणाची अपेक्षा नाही, आणि परीक्षेत त्यांचे नुकसान व्हावे असेही नाही. पुस्तकही खोटे बोलत नाही. समुद्रसपाटीवरील हवेचा दाब गृहीत धरूनच ते १०० म्हणते. उत्तरपत्रिकेत मुलीने ती अट लिहून १०० लिहावे, प्रयोगवहीत ९५ लिहावे. दोन्ही ठिकाणी ती खरेच लिहील. हीच मुलगी पुढे कोठेतरी पर्जन्यमापकाची नोंद करील, लसींच्या कुप्या मोजील, पुलाच्या कामावरील काँक्रीटची चाचणी घेईल. त्या वेळी अपेक्षित आकडा तिच्यासमोर आधीच छापलेला असेल, शेजारची जागा रिकामी असेल, आणि पाहावयास वरिष्ठ जवळ नसेल. त्या जागी ती काय लिहील, हे आज स्वयंपाकघरात उकळणाऱ्या पातेल्यापाशी ठरत असते.