विमा आणि विमान

माझ्या आयुष्यात मी दोनच कागदांवर न वाचता सह्या केल्या. एक लग्नाच्या नोंदणीचा आणि दुसरा आयुर्विम्याचा. दोन्ही वेळी समोरचा माणूस "इथे करा, इथे करा, आणि मागच्या पानावर करा" असं घाईघाईने म्हणत होता आणि दोन्ही वेळी आजूबाजूची मंडळी उगाचच हसत होती. पुढे कित्येक वर्षं हप्ते भरले. (कोणत्या कागदाचे, ते ज्याने त्याने ओळखावं.) तेव्हा विमा या विषयावर आपल्याला काही मत असावं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मत असायला पर्याय लागतो.

तो पर्याय सदुसष्टाव्या वर्षी समोर आला. आमची मुलगी न्यू जर्सीला असते. "बाबा, यंदा तरी या" असं ती चार वर्षं म्हणत होती. शेवटी व्हिसा झाला, तिकिटं झाली, हिने मेतकूट आणि भाजणी यांची वजनं करून बॅगांमध्ये समान वाटणी केली, आणि प्रवास कचेरीतल्या मुलाने अगदी सहज विचारलं, "काका, इन्शुरन्स टाकू ना?" भेळवाला "तिखट टाकू ना?" विचारतो, त्याच सुरात.

"किती पडतील?"

"दोघांचे, तीन महिन्यांचे, एकतीस हजार."

"आणि समजा, काहीच झालं नाही?"

"मग चांगलंच की, काका."

"म्हणजे पैसे गेले."

हा प्रश्न त्याला कुणी केला नसावा. तो माझ्याकडे बघत राहिला. "उद्या सांगतो" म्हणून मी उठलो. पुण्यात "उद्या सांगतो" याचा अर्थ त्यालाही ठाऊक असणार.

घरी येताना डोकं चालू झालं. 'विमान' या शब्दात 'विमा' आधीच आहे. उरतो तो फक्त 'न'. आता हा 'न' नकाराचा मानायचा की नाही, एवढाच काय तो प्रश्न. हा विनोद मी घरात तीनदा केला. तिसऱ्यांदा ही म्हणाली, "अहो, ते घ्यायचं की नाही ते ठरवा आधी."

संध्याकाळी माझे मेहुणे आले. मेहुणे चार वेळा अमेरिकेला जाऊन आलेले. एकदाही विमा नाही. "भाऊजी, फुकट घालवू नका पैसे," ते म्हणाले. "चार वेळा गेलो, साधी शिंक नाही आली." मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. चार वेळा डोळे मिटून लक्ष्मी रोड ओलांडला आणि पलीकडे पोचलो, तर त्यातून डोळे मिटण्याबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण मेहुण्यांसमोर सिद्धता मांडायची नसते. आणि खरं सांगायचं तर त्यांचं ऐकायला बरं वाटत होतं. एकतीस हजार वाचवणारं कुठलंही तत्त्वज्ञान ऐकायला बरंच वाटतं.

युरोपला जाणाऱ्यांची या बाबतीत चैन आहे. तिथल्या शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो, नाहीतर घरी बसा. युरोपात पुष्कळ तत्त्वज्ञ होऊन गेल्यामुळे त्यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवून टाकला असावा. अमेरिका मात्र स्वातंत्र्याची भोक्ती. पाहुणा म्हणून येणाऱ्याला व्हिसा देताना ती विम्याचं नाव काढत नाही. तुमचं शरीर, तुमची मर्जी.

मग मी रीतसर विचाराला बसलो. पहिल्यांदा वाटलं, यापेक्षा नवस बरा. नवसाचा व्यवहार किती सरळ! काम झालं तर नारळ, नाही झालं तर देवाचं आणि आपलं काही देणंघेणं नाही. विम्याचं उलटं. आधी मोजा, आणि काही बिघडलं तरच परत मागा. सुखरूप आलात की तुम्ही ठार बुडालात. जुने ग्रीक व्यापारी या बाबतीत आपल्यासारखे होते. ते जहाजावर कर्ज काढत. जहाज बंदराला लागलं तर भरभक्कम व्याजासकट फेडायचं, बुडालं तर कर्जही बुडालं. हा नवसच झाला, फक्त देवाच्या जागी सावकार.

सामानाचं म्हणाल, तर त्याची मला चिंता नव्हती. बॅग हरवली तर १९९९ च्या माँट्रियल करारानुसार विमान कंपनीच एका मर्यादेपर्यंत भरपाई द्यायला बांधलेली असते. आणि मेतकुटाची खरी किंमत कुठलीच विमा कंपनी देऊ शकत नाही. प्रश्न शरीराचा होता.

इथे मला डॅनिएल बर्नुली आठवले. बर्नुली हे स्विस घराणं म्हणजे गणितातलं मोठं खटलं, घरात जो तो गणिती. या डॅनिएलने १७३८ साली एक निबंध छापला. त्यात एक व्यापारी आहे, कायस नावाचा. त्याने ॲमस्टरडॅमला माल घेतलाय, तो पीटर्सबर्गला पोचला तर १०,००० रूबल येतील. पण त्या मोसमात शंभरातली पाच जहाजं बुडतात. विमा उतरवायचा तर ८०० रूबलांच्या खाली कुणी तयार नाही. कायस म्हणतो, ही लूट आहे. हिशेबाने तो बरोबर आहे बरं का. शंभरात पाच, म्हणजे दहा हजारांवर पाचशे. वरचे तीनशे कशाचे? आठवीतलं पोरही हे सांगेल. मी नापास करणार नाही त्याला.

बर्नुली मात्र तिथे थांबत नाही. तो विचारतो, या मालाखेरीज कायसच्या घरी शिल्लक किती आहे? कारण शंभराची नोट पेढीवाल्या शेठजींच्या खिशातून पडली तर ते वाकणारही नाहीत. तीच भाजीवाल्या मावशींच्या बटव्यातून पडली तर त्यांची रात्रीची झोप जाते. नोट तीच, दुःख निराळं. हे सगळं समीकरणात घालून बर्नुली उत्तर काढतो ५०४३. घरी ५०४३ रूबल असतील तर कायसने विमा न घेणं शहाणपणाचं. त्याहून कमी असतील, तर तीनशे जास्त गेले तरी मुकाट्याने घ्यावा.

मला हे उत्तर फार आवडलं. विमा घ्यावा की घेऊ नये, या प्रश्नाला 'घ्यावा' किंवा 'घेऊ नये' असं उत्तरच नाही. "आधी तुमचं पासबुक दाखवा" हे उत्तर आहे. मी उठून पासबुक काढलं. निवृत्तिवेतन, दोन मुदतठेवी, हिच्या पाटल्या. अमेरिकेतल्या इस्पितळात हृदयाचं काही निघालं आणि आठ दिवस राहावं लागलं, तर बिल लाखो रुपयांच्या घरात जातं. पासबुक मी परत कपाटात ठेवलं. आमच्याकडे ५०४३ रूबल नव्हते.

मेहुण्यांना हे सांगितलं तर ते हसले. "भाऊजी, बिल भरायचंय कुणाला? तिथे उपचार नाकारत नाहीत." हे मात्र खरं आहे. १९८६ साली त्या देशात कायदा झाला. तातडीच्या विभागात आलेल्या माणसाची, त्याच्या खिशात काय आहे हे न बघता, तपासणी करायची आणि प्रकृती स्थिर करायची, हे तिथल्या बहुतेक सगळ्या इस्पितळांवर बंधनकारक आहे. बिल मागाहून. "आणि मागाहून तुम्ही कुठे? सदाशिव पेठेत! कोण येतंय वसुलीला?"

मी हसलो. हसून झाल्यावर लक्षात आलं, की कॉपी केली म्हणून मी पोरांना बाकावर उभं केलेलं आहे. ज्या माणसांनी रात्री दोन वाजता माझं हृदय चालू ठेवलं, त्यांना चुकवून विमानात बसायचं आणि वर सीटवर टोमॅटोचा रस मागायचा? शिवाय इस्पितळात शिरताना पत्ता लिहून द्यावा लागतो. तो सदाशिव पेठेचा कसा देणार?

त्याच रात्री मुलीचा फोन आला. हिने सगळं रामायण आधीच सांगितलेलं होतं. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, कशाला एवढं डोकं चालवताय? जड वाटतंय तर नका घेऊ. काही झालंच तर मी आहे ना."

इतकं गोड म्हणाली, की माझा पहिला विचार "सुटलो" असाच होता. दुसरा विचार यायला मात्र रात्रीचा एक वाजला. कायसचे ते ५०४३ रूबल शिल्लक होते, फक्त ते मुलीच्या घरात होते. धैर्य माझं, रूबल तिचे. मेहुणे चार वेळा छाती काढून जाऊन आले, तेव्हा त्यांच्या मुलाने डॅलसमध्ये बसून काय काय हिशेब केले असतील, हे त्या घरात कधी कुणी विचारलं नसणार. तिथे घराचं कर्ज असतं, पाळणाघराचं बिल असतं, आणि फोनवर मुलं "मी आहे ना" म्हणतात, कारण दुसरं काय म्हणणार?

आता तुम्ही म्हणाल, मुलीवर भार पडू नये हाही एक अहंकारच. असेल. तिला वाढवताना आम्ही कुठे पावत्या फाडल्या होत्या? आणि उद्या खरंच पडलो, तर ती धावेलच, विमा असो नसो. तिने धावावं, याला माझी हरकत नाही. पण आपले एकतीस हजार वाचावेत म्हणून तिला न विचारता तारण ठेवायचं, हे मला पचेना. तारण ठेवलेल्या वस्तूची निदान नोंद तरी होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन म्हटलं, "टाक." मुलगा खूश झाला. मग फॉर्म आला. मधुमेह आहे का? मुलाने आवाज खाली आणला. "काका, 'नाही' टाकूया का? 'हो' म्हटलं की रक्कम वाढते."

माझा हात थबकला, हे कबूल करतो. विम्याच्या कराराचा पायाच असा आहे, की आपल्याबद्दलचं जे महत्त्वाचं ते विचारलं की खरं सांगायचं. ते लपवलं, तर कंपनी ऐन वेळी दावा फेटाळू शकते. आणि खरं सांगितलं, तर जुन्या दुखण्याचा खर्च पुष्कळ पॉलिसींत धरतच नाहीत, फार तर जीवावर बेतलं तर, तेही मर्यादेपर्यंत. म्हणजे खोटं बोला आणि बुडा, किंवा खरं बोला आणि थोडे कमी बुडा. मी असा तात्त्विक पेचात असताना शेजारून ही म्हणाली, "बारा वर्षं रोज सकाळी माझ्या हातून साखरेची गोळी घेता आणि इथे 'नाही' लिहिता?"

मी 'हो' लिहिलं. जुनं दुखणं तातडीच्या वेळी मर्यादेपर्यंत धरणारी पॉलिसी घेतली. रक्कम एकतीसची छत्तीस झाली. घरी येऊन ती चाळीस पानं भिंग घेऊन वाचली. आयुष्यातला हा तिसरा कागद, पण वाचून सही केलेला पहिलाच.

न्यू जर्सीत आम्ही मजेत होतो. तिसऱ्या आठवड्यात मला खोकला झाला. आणि सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान काही तरी वसूल! पॉलिसी उघडून बघितली, तर पहिले शंभर डॉलर आपले. खोकला शंभर डॉलरच्या वर जाईल असा दिसेना. मुलीने हळद घातलेलं दूध दिलं, नातीने माझ्या खोकण्याची नक्कल केली, आणि चार दिवसांत तो गेला. एक क्षण मी खट्टू झालो होतो. हे मी हिला अजून सांगितलेलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी धडधाकट असल्याबद्दल खट्टू होणारा माणूस कसा दिसतो, ते तिला कळायला नको.

परत आल्यावर मेहुणे भेटायला आले. "गेले ना छत्तीस हजार?" "गेले," मी म्हटलं. ते समाधानाने चहा प्याले.

मग ही म्हणाली, "चला, सारसबागेत जाऊन येऊ." मी विचारलं, आज काय विशेष? तर निघताना तिने तळ्यातल्या गणपतीला नवस बोललेला होता. सुखरूप आलो तर नारळ आणि पाव किलो पेढे. म्हणजे बिघडलं तर कंपनी देणार, नाही बिघडलं तर आम्ही देणार. दोन्ही बाजूंनी बाईने बंदोबस्त केला होता, आणि मी इकडे बर्नुली वाचत बसलो होतो.

देवळाबाहेर तिने पुडा सोडला. मला अर्धाच पेढा दिला.

"एवढाच?"

"फॉर्मवर 'हो' लिहिलंत ना?" म्हणाली, आणि उरलेला अर्धा तिने स्वतःच्या तोंडात टाकला.