ओवीचा सातबारा

परभणी जिल्ह्यातल्या वालूरची लेक लग्न होऊन मानवतला किंवा जिंतूरला नांदायला गेली, की आईच्या ओव्याही तिच्याबरोबर जात. सासरी पहाटे जात्यावर बसली की ती त्याच ओव्या गाई. मामाच्या नावाच्या जागी आपल्या भावाचे नाव घाली, वालूरच्या वाटेच्या जागी नव्या गावची वाट आणी. काही वर्षांत तिची जाऊ आणि शेजारीण त्याच ओव्या आपापल्या भावांच्या नावाने म्हणू लागत. मग ती ओवी कुणाची, वालूरची की जिंतूरची? आईची की लेकीची? कितीतरी पिढ्या हे कुणी विचारले नाही, आणि न विचारल्यामुळे कुणाचे काही अडलेही नाही.

दोघी जात्याशी समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने मूठभर ज्वारी वैरण म्हणून जात्याच्या तोंडात टाकली की फिरणे जरा मंदावे. तेवढ्यात पहिलीने ओळ उचलायची, पीठ पडू लागले की दुसरीने ती पुढे न्यायची. पहिलीने भाऊ वाटेला लावला, तर दुसरी त्याला दारात आणून उभा करी. अशी जुळलेली ओवी दोघींपैकी एकीची म्हणणे अवघडच. दगडाची घरघर हाच सूर आणि हाच ठेका. त्यावर सांगायचे ते सासूच्या कानावर गेले तरी चालेल अशा बेताने सांगायचे. एरवी तोंडातून शब्द न काढणारी सून जात्यावर मात्र बोलून घेई.

गावात पिठाची गिरणी आली आणि हे सगळे थांबले. बाईच्या खांद्यावरचा भार उतरला, ते उत्तमच झाले. ओव्यांसाठी जाते फिरत राहायला हवे होते असे मी कधीच म्हणणार नाही. पण ओवी जात्यावरून उठली आणि टेपवर, पुस्तकात, कॅसेटवर जाऊन बसली. ती कुणाची हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो तेव्हापासून.

आपल्याकडे गाण्याला नाव लावण्याची रीत जुनी आहे. याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दळता कांडता विठ्ठलाला हाक मारते आणि अभंगाच्या शेवटी आपले नाव घालते. तेही एकटे नाही, नामदेवाची दासी म्हणून. ही नाममुद्रा हक्काची नव्हे, साक्षीची आहे. जे म्हटले त्याला मी जबाबदार, एवढेच ती सांगते. अभंग कुणीही गावा, कुठेही गावा, फक्त शेवटचे नाव पुसू नये.

पुसणारेही होतेच. तुकोबांनी आपल्या अभंगात सालोमालोचा समाचार घेतला आहे. दुसऱ्याचे वचन आपले म्हणून मिरवणारे, संतांच्या वचनांची मोडतोड करून त्यांचा दागिना करणारे, असा तो रोष आहे. त्यात तुकोबांना पैशाची झळ लागली नव्हती. शब्द बिघडले आणि खोट्या नावाने फिरले, हे त्यांना सहन झाले नाही. इंग्लंडचा पहिला कॉपीराइट कायदा 1710 चा, तुकोबांच्या निर्वाणानंतर सुमारे साठ वर्षांनी आलेला, आणि तो छापखाने व पुस्तकविक्री यांच्या व्यवहारातून जन्मला. वचनाशी इमान राखा, ही आपल्याकडची मागणी त्या कायद्याच्या आधीची आणि व्यापाराबाहेरची आहे.

ओवीला मात्र ही मुद्राही मिळाली नाही. तिच्यात भावाचे नाव येते, लेकाचे येते, पंढरीच्या विठ्ठलाचे येते. गाणारीचे सहसा येत नाही. ओव्यांचे संग्रह निघू लागले तेव्हाही हे फारसे बदलले नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या. कमलाबाई देशपांडे यांनी 1948 मध्ये आपल्या संग्रहाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. पुढे दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी मोठे काम उभे केले. ही माणसे नसती तर आज हातात काही उरले नसते. तरी मुखपृष्ठावर नाव संपादकाचे, आणि ओवीखाली गाणारीचे नाव छापण्याची रीत सहसा नव्हती. वेदांना अपौरुषेय म्हणतात तो मान ओवीला मिळाला. म्हणणारी बाई मात्र त्या मानाबाहेर राहिली.

अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या गाण्याचेही असेच झाले. तिथल्या कंट्री म्युझिकची ओढ आपल्याला सहज समजावी अशी आहे: साधी चाल, आईचे घर, लांब गेलेली आगगाडी, देव आणि दारू. जॉन डेन्व्हरने 1971 मध्ये गायलेले ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ आपल्याकडची गिटार शिकणारी पोरेही म्हणतात. ते लिहायला घेतले तेव्हा त्याचा एक गीतकार बिल डॅनॉफ याने गाण्यातल्या वेस्ट व्हर्जिनियात पाऊलही टाकलेले नव्हते, तरी 2014 मध्ये त्या राज्याने ते आपले एक राज्यगीत म्हणून स्वीकारले. गाण्यातले घर मोकळे ठेवलेले असले की ऐकणारा त्यात आपले घर बसवतो. ओवीतल्या भावाची जागा अशीच मोकळी असते. गाण्याचा जीव तिथे आहे, आणि त्याच्या मालकीचा गुंताही तिथूनच सुरू होतो.

1927 च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा व्हिक्टर कंपनीसाठी टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आला. गाणाऱ्याला एका गाण्याचे 50 डॉलर आणि थोडी रॉयल्टी. गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क पीअरकडे, आणि त्याची खरी कमाई त्यातच होती. त्यासाठी गाणे कुणाच्या तरी नावावर असावे लागे. मग तिथे गायलेल्या कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगरातल्या घराघरांतून जुनी गाणी गोळा करत हिंडू लागला. शब्द तो उतरून घेई आणि चाल ध्यानात ठेवी ती त्याच्यासोबत फिरणारा कृष्णवर्णी गिटारवादक लेस्ली रिडल. गाणी नोंदली गेली ती कार्टरच्या नावावर. रिडलचे नाव त्यावर आले नाही, आणि ज्या म्हाताऱ्यांनी ओसरीवर बसून ती म्हणून दाखवली त्यांचेही नाही. कार्टर चोर होता असे मला वाटत नाही. त्याच्यामुळे कितीतरी गाणी वाचली. पण कागदावर एकच रकाना होता, आणि तो ज्याच्या हातात लेखणी त्याच्या नावाने भरला गेला.

आपला कायदाही त्याच वळणाने गेला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातली संगीतकृतीची मूळ व्याख्या छापलेल्या, लिहून काढलेल्या किंवा अन्य रीतीने रेखाटलेल्या स्वररचनेची होती. जे कागदावर नाही ते कायद्याच्या लेखी संगीत नव्हते. 1994 च्या दुरुस्तीने ही अट काढली. म्हणजे 1957 नंतरची सदतीस वर्षे जात्यावरची चाल कायद्याला दिसतच नव्हती. गाणाऱ्याचा हक्कही त्याच दुरुस्तीने आला. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी रॉयल्टी मागितली आणि एकदा मानधन घेतले की गायकाचा संबंध संपला असे महंमद रफी म्हणाले. त्या वादात दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांत निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाला काहीच हक्क नसल्याची खंत स्वतंत्रपणे नोंदवली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येणार नाही अशी तरतूद व्हायला 2012 साल उजाडले.

या सगळ्या लढाया नाव असलेल्यांच्या होत्या, आणि रास्त होत्या. नाव नसलेल्यांच्या वाट्याला कॅसेटच्या कागदावर एक ओळ आली: ‘गीत: पारंपरिक’. पुढच्याच ओळीत संगीतकाराचे, त्याखाली गायिकेचे आणि कंपनीचे नाव. संगीतकाराने खरेच मेहनत केलेली असते, त्या बांधणीचा हक्क त्याचाच. पण तीच मूळ ओवी दुसऱ्या कुणी गायिली आणि समाजमाध्यमावर टाकली की तिच्यावर हक्काचा दावा येऊ शकतो. ओवी जपणाऱ्या घराला परवानगी मागावी लागते, आणि त्या घराची परवानगी कुणी घेतलेली नसते.

यावर लोकगीतांची मालकी सरकारकडे द्यावी, असे म्हणणारे आहेत. घानाने 2005 च्या कायद्याने लोककलांचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले आहेत. मला हा मार्ग पटत नाही. ज्या ओवीला कधी कुंपण नव्हते तिला सरकारी कुंपण घातले, तर पहिली अडचण गाणाऱ्या बाईचीच व्हायची. लग्नाच्या वरातीत गाणे वाजवायला आपल्या कायद्याने सूट दिली आहे. कामावर, पाळण्याशी, देवापुढे म्हटलेले गाणे तसेच मोकळे राहिले पाहिजे.

मला हवा आहे तो दुसरा रकाना. सातबाऱ्यावर मालक असतो, पण कुळाची आणि पिकाचीही नोंद असते. ओवीला मालक नसेल तर नसो. कसणारीची नोंद तरी हवी.

ती होऊ शकते, हे करून दाखवले आहे. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी शेकडो गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित झाल्या. आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या जगापुढे आणते आहे, आणि ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी 1996 मध्ये गायलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यात ऐकायला मिळतात. सीतेची गोष्ट शेकडो बायकांनी म्हटली आहे. ती सगळ्यांची आहे. पण हे म्हणणे, हा गळा, हे दुःख गंगूबाईंचे आहे. गोष्ट सर्वांची आणि आवाज एकीचा, या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी राहू शकतात आणि एकीने दुसरीचे काही बिघडत नाही. उद्या कुणी चित्रपटवाल्याने त्या आवाजावर पैसे कमावले, तर वाटा कुणाच्या घरी पोचवायचा हेही अशा नोंदीमुळे कळते.

आता वालूरच्या, सेलूच्या, गंगाखेडच्या घरांत नाती मोबाइलवर आज्यांच्या ओव्या टिपून ठेवतात. एक रकाना तिथे अजून सुटतो. नोंद होते ती सासरच्या नावाने आणि सासरच्या गावाने, कारण आजीचे कागद त्याच नावाचे असतात. ओवी शिकली ती माहेरी, आईच्या समोर बसून, दुसऱ्या नावाने हाक मारली जात होती तेव्हा. टिपून घेताना तिचे माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि ओवी कुणाकडून घेतली तेही विचारावे. आज्या ते अजून सांगू शकतात.