हात आवरतो कोण?

चिनी लिपीत ‘वू’ नावाचे एक चिन्ह आहे. युद्ध, पराक्रम, शस्त्रविद्या हे सारे त्यात येते. ‘वूशू’ म्हणजे युद्धकला, हा शब्द त्यावरूनच. या चिन्हाचे दोन भाग पडतात. एक शस्त्राचा, दुसरा ‘थांबणे’ या अर्थाचा. म्हणून शस्त्र थांबवणे हेच खरे शौर्य, असा अर्थ ‘झुओझुआन’ या प्राचीन इतिहासग्रंथात लावला आहे. आजचे लिपितज्ज्ञ मात्र सांगतात की तो दुसरा भाग मुळात पावलाचा. शस्त्र घेऊन चाल करून जाणे, एवढाच त्याचा अर्थ. दोन भाषांच्या घरांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. एकच शब्द उंबऱ्याच्या आत एक बोलतो आणि बाहेर दुसरे.

या विद्येचा खेळ होत गेला तसा हाच पेच पुन्हा पुन्हा उभा राहिला. हात उगारायला शिकवता येते. तो आवरायचा कोणी?

जुन्या परंपरेचे उत्तर होते ‘वूदे’, म्हणजे योद्ध्याचे शील. शिष्याचा स्वभाव पारखल्यावाचून गुरूने विद्या द्यायची नाही. ऐकायला छान वाटते. पण पारखणारा एकटा गुरूच, आणि या पारखण्याच्या नावाखाली कितीतरी विद्या घराण्यांतच कोंडून राहिली. १९१० साली शांघायला निघालेल्या जिंगवू संस्थेने ही दारे उघडली, वेगवेगळ्या पंथांचे गुरू एका छपराखाली आणले, स्त्रियांनाही शिकवले. १९२८ साली नानजिंगला सरकारी संस्था स्थापन झाली आणि तिने देशव्यापी परीक्षा घेतली. तिथल्या लढतींत अनेकजण जखमी झाले. नुसत्या शीलावर विसंबून भागत नाही, हे उघड झाले.

१९४९ नंतर राज्यकर्त्यांनी निराळीच वाट काढली: प्रतिस्पर्धीच काढून टाकला! ‘ताओलू’ म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, १४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद गालिच्यावर करायची. आजच्या नियमांत दहापैकी पाच गुण हालचालींच्या अचूकतेला, तीन एकूण सादरीकरणाला, दोन अवघड उड्यांसारख्या करामतींना. पुढे चित्रपटांत गाजलेला जेट ली १९७४ पासून याच स्पर्धांतून चमकला. डोळ्यांचे पारणे फिटते, यात शंका नाही. पण समोर कोणी नाहीच, तर हात आवरण्याचा प्रश्न तरी कुठला?

१९७९ पासून प्रयोगादाखल सुरू झालेल्या ‘सांदा’ने समोरचा माणूस परत आणला. हातमोजे, शिरस्त्राण, छातीला कवच. मानेवर, डोक्याच्या मागे, जांघेत प्रहार वर्ज्य, कोपर-गुडघाही वर्ज्य. एका फेरीत दोनदा चौथऱ्याखाली पडणारा ती फेरी हरतो. मणिपूरच्या रोशिबिना देवीने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली रौप्यपदक मिळवले ते याच प्रकारात.

म्हणजे आता हात पंच आवरतो. काहींना यात कलेचा ऱ्हास दिसतो. खरी विद्या इतकी घातक की ती खेळात दाखवताच येत नाही, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. २०१७ साली चेंगदूमध्ये ताइचीचा गुरू म्हणवणाऱ्या एकाला शू श्याओदोंग या लढवय्याने काही सेकंदांत लोळवले. जी विद्या कधी तपासलीच जात नाही, तिच्या संयमाला काय किंमत द्यायची? ज्याला मारताच येत नाही, त्याने हात आवरला असे म्हणता येत नाही.

तरी एक शंका उरते. ज्या पोराला पंचाने थांबवण्याची सवय झाली, तो रस्त्यात कुणी कॉलर धरली तर कुणाकडे पाहील? गुणपत्रिकेत, न मारलेल्या फटक्याला रकाना नाही.

लढतीपूर्वी दोघे खेळाडू आजही परंपरेप्रमाणे अभिवादन करतात: उजवी मूठ, तिच्यावर डावा तळवा. हातमोजे चढवलेले असल्याने मूठ कुठली आणि तळवा कुठला, हे मात्र दुरून ओळखू येत नाही.